सिग्नल मागण्याआधी: मध्य न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

देवळासमोरच्या रस्त्यावर सिग्नल बसवा, अशी सह्यांची मोहीम यंदा गणपतीच्या दिवसांत आपल्यात फिरली. सही मीही केली, कारण तक्रार खरीच आहे. चार पदरी रस्ता, ताशी ४० मैलांची पाटी, त्याहून जोरात पळणाऱ्या गाड्या; पलीकडे पार्किंग, अलीकडे देऊळ, आणि मध्येच हातात फुलांची पिशवी घेऊन अंदाज घेत उभे असलेले कुणाचे तरी आईबाबा. सहा महिन्यांसाठी आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांकडे इथे गाडी नसते, लायसन्स नसतं. चालायची सवय मात्र असते. उपनगरातल्या ज्या रस्त्याच्या कडेला साइडवॉकसुद्धा नाही, तिथून पायी जाताना कुणी दिसलंच तर ते बहुधा आपल्यापैकीच कुणाचे तरी आईवडील असतात.

पण ते निवेदन गेलं थेट काँग्रेस सदस्याच्या, म्हणजे वॉशिंग्टनमधल्या आपल्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात. त्याचा सूर असा, की वॉशिंग्टनकडे रस्त्यांसाठी एवढा पैसा असताना आमच्या वाट्याला साधा एक सिग्नल का येऊ नये? मी वाहतूक इंजिनिअर आहे आणि टाउनशिप (गावं), काउंट्या (जिल्हे) यांच्यासाठी फेडरल ग्रँटचे, म्हणजे केंद्र सरकारच्या अनुदानाचे अर्ज लिहिणं हे माझं रोजचं काम. म्हणून या सुराबद्दल बोलावंसं वाटलं. यातलं काही तुम्हाला आवडणार नाही, तरी वाचा.

पैसा आहे, हे बरोबर. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी बायडन यांनी सही केलेल्या पायाभूत सुविधा कायद्याने पाच आर्थिक वर्षांचा रस्तेखर्च ठरवून दिला. त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत. त्यात 'सेफ स्ट्रीट्स अँड रोड्स फॉर ऑल' नावाची योजना आहे, पाच वर्षांत पाच अब्ज डॉलरची. तिचा विशेष असा की राज्य सरकारला तिच्यात अर्जच करता येत नाही. शहरं, टाउनशिप, काउंट्या, मूळ रहिवाशांच्या जमातींची सरकारं आणि प्रादेशिक नियोजन संस्था यांच्यासाठीच ती आहे. दुसरी एक मोठी स्पर्धात्मक योजना २००९ च्या मंदीत 'टायगर' म्हणून सुरू झाली, २०१८ मध्ये तिचं 'बिल्ड' झालं, २०२१ मध्ये 'रेझ', आणि २०२५ मध्ये पुन्हा 'बिल्ड'. सरकार बदललं की योजनेचं बारसं पुन्हा होतं, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

हा पैसा येतो कुठून? बराचसा आपल्या गाडीच्या टाकीतून. गॅसच्या प्रत्येक गॅलनमागे १८.४ सेंट फेडरल कर जातो. हा दर १९९३ पासून एका सेंटनेही वाढलेला नाही, म्हणूनच २००८ पासून महामार्ग निधीला सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून टेकू द्यावा लागतो. पंपावर उभं राहिल्यावर तुमचा व्हिसा कुणी विचारत नाही. एच-वन-बी वाला, ग्रीन कार्डच्या रांगेतला आणि नागरिक, तिघंही तेवढाच कर भरतात. हे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

आता पहिला प्रश्न, जो निवेदनात कुणीच विचारला नव्हता. तो रस्ता कुणाचा? न्यू जर्सीत २१ काउंट्या आणि ५६४ नगरपालिका आहेत, आणि एकाच चौकात तीन मालक भेटू शकतात. रूट २७ राज्याचा आहे. आपल्या खरेदीच्या ओक ट्री रोडचा कारभार काउंटीकडे. त्यांना येऊन मिळणाऱ्या गल्ल्या टाउनशिपच्या. देवळासमोरचा रस्ताही काउंटीचा आहे, त्यामुळे तिथे सिग्नल बसवायचा अधिकार टाउनशिपच्या काउन्सिलला नाही, आणि काँग्रेस सदस्याला तर नाहीच नाही. काउंटी इंजिनिअरच्या कार्यालयाला मात्र आपल्या निवेदनाची साधी प्रतसुद्धा गेली नाही.

बरं, रस्ता कुणाचाही असो, तो कोणत्या वर्गात मोडतो यावर फेडरल पैसा ठरतो. प्रत्येक रस्त्याची वर्गवारी झालेली असते, आणि घरांसमोरच्या स्थानिक गल्ल्या फेडरल मदतीच्या जाळ्यात बसत नाहीत. वॉशिंग्टनच्या पैशाने आपल्या दारातले खड्डे बुजतील ही आशा सोडून द्या. ते काम आपल्या प्रॉपर्टी टॅक्समधून किंवा राज्याच्या म्युनिसिपल एडमधून होतं. सुरक्षेच्या योजनांना ही अट तशी आडवी येत नाही, आणि देवळाच्या रस्त्याची संधी नेमकी तिथेच आहे.

दुसरं, सिग्नल. मागितला की मिळाला, असं सिग्नलचं नसतं. देशभर लागू असलेल्या नियमपुस्तिकेत त्याचे निकष दिलेले आहेत: तासाला किती गाड्या, किती पादचारी, किती अपघात. निकष पूर्ण झाले नाहीत तर कुणी इंजिनिअर त्यावर सही करणार नाही, आणि करूही नये; चुकीच्या जागी बसवलेल्या सिग्नलमुळे मागून धडकणाऱ्या गाड्या वाढतात. हे निकष ज्या मोजणीवर ठरतात ती गाड्यांची मोजणी आमच्या धंद्यात रीतीप्रमाणे मंगळवार ते गुरुवार करतात, शाळा चालू असताना, सणवार टाळून. देवळाची गर्दी शनिवार-रविवारची. मराठी शाळा रविवारची. नवरात्राची गर्दी रात्रीची. म्हणजे जेव्हा आपली माणसं रस्ता ओलांडतात तेव्हा मोजणारं तिथे कुणी नसतं, आणि मोजणारं असतं तेव्हा आपण नसतो. कागदावर तो रस्ता रिकामाच आहे.

अपघातांचंही तेच. आकडेवारीत येतो तो पोलिसांनी नोंदवलेला अपघात. करकचून ब्रेक लागून आजींपासून हातभर अंतरावर थांबलेली गाडी कुठेच नोंदली जात नाही. आणि रस्ता इतका भीतीदायक असेल की ओलांडायची कुणाची हिंमतच होत नाही, तर पादचाऱ्यांचे अपघात शून्य. सुरक्षिततेच्या तक्त्यात तो चक्क चांगला रस्ता ठरतो. २०२२ मध्ये या देशात साडेसात हजारांच्या आसपास पादचारी रस्त्यावर मेले. पुढचे कुठे मरणार आहेत हे त्या आकड्यावरून कळत नाही, पण अर्जाला मागे झालेल्या अपघातांचाच आकडा लागतो.

अर्जातला सगळ्यात विचित्र भाग म्हणजे लाभ-खर्चाचं गणित. मोठ्या योजनांना ते सक्तीचं आहे. वाहतूक खात्याच्या अलीकडच्या मार्गदर्शनानुसार टळलेल्या एका मृत्यूची किंमत १ कोटी ३० लाख डॉलरच्या वर धरतात. कोण माणूस, काय वयाचा, याने फरक पडत नाही. पंचाहत्तरीच्या आजोबांची आणि पंचविशीच्या बँकरची किंमत एकच. सरकारी हिशेबातली ही समता मला मनापासून आवडते. पण त्याच कोष्टकात पुढच्या ओळीत गाडीवाल्यांच्या वाचलेल्या वेळाचीही किंमत असते. वीस हजार गाड्यांचे रोजचे दहा-दहा सेकंद वाचले की ती बेरीज भल्याभल्या सुरक्षा-कामांना मागे टाकते. पादचाऱ्यांची बाजू उचलायची तर किती माणसं, कधी, कुठून कुठे जातात याचे आकडे हातात लागतात. टाउनशिपकडे ते नाहीत. तुमच्याकडे ते तयार होऊ शकतात, त्याबद्दल खाली लिहितो.

तिसरी गोष्ट आराखड्याची. 'सेफ स्ट्रीट्स'मधून प्रत्यक्ष कामासाठी पैसे हवे असतील तर आधी रस्ता-सुरक्षेचा कृती आराखडा मंजूर झालेला लागतो. आपल्या गावाचा नसेल तर काउंटीचा किंवा प्रादेशिक संस्थेचा चालतो. तोही नसेल तर पहिली ग्रँट फक्त आराखडा करण्यासाठी मागता येते. फेडरल पैसा सगळ्यात वाईट रस्त्याकडे जातो, असा आपला समज असतो. माझ्या पाहण्यात तो जातो कागद तयार असलेल्या गावाकडे. योजनेची जाहिरात निघाली की अर्जाला हातात काही आठवडेच मिळतात. त्या आठवड्यांत आराखडा होत नाही, मोजणी होत नाही, काउन्सिलचा ठराव कसाबसा होतो. फेडरल अर्जासाठी लागणाऱ्या गावाच्या नोंदणीचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. ते करणारा कारकून निवृत्त झाला आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, एवढ्याशा कारणाने धावाधाव झालेली मी पाहिली आहे.

मग वाट्याचा प्रश्न. या योजनेत फेडरल सरकार ८० टक्के देतं, २० टक्के आपण घालायचे. ५० लाख डॉलरच्या कामाला १० लाख गावचे. शिवाय ८० टक्क्यांचा चेक आधी मिळत नाही. करारावर सही व्हायची, मग काम, मग बिलं, मग परतफेड. कराराआधी खर्च केला तर तो साधारणपणे आपल्याच अंगावर. निवड जाहीर झाल्यापासून करार होईपर्यंत कधीकधी वर्षाहून अधिक काळ जातो, आणि तेवढ्यात डांबर आणि मजुरी दोन्ही वाढलेली असतात. वाढीव रक्कम कोण देणार? वॉशिंग्टन देत नाही. त्यानंतर पर्यावरणाची तपासणी, जागा घ्यायची असेल तर १९७० च्या कायद्याप्रमाणे मोबदला, सरकारी दराने मजुरी, अमेरिकेत बनलेलं पोलाद. प्रत्येक अटीमागे कारण आहे, पण लहान गावाच्या एकुलत्या एक इंजिनिअरला ही सगळी कागदपत्रं पेलत नाहीत. म्हणून काही गावं अर्जच करत नाहीत, आणि त्यांचा तो निर्णय नेहमी आळसाचा असतो असं मी म्हणणार नाही.

हे १० लाख आले पाहिजेत गावाच्या भांडवली अंदाजपत्रकातून. न्यू जर्सीतल्या बहुतेक टाउनशिपचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि अंदाजपत्रक वसंतात मंजूर होतं. खात्यांच्या मागण्या त्याआधी हिवाळ्यातच गोळा होतात. त्या बैठकांना मी कामानिमित्त जातो. निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या असतात. भरलेल्या खुर्च्यांवर तीच ती पाच-सात निवृत्त मंडळी, आणि त्यांचं म्हणणं एकच, टॅक्स वाढवू नका. काउन्सिल सदस्याला दुसरा आवाज कधी ऐकूच येत नाही. आपले लोक त्या वेळी मुलांना पोहायला, तबल्याला, कुमोनला नेत असतात. नेलंच पाहिजे. पण घरटी एकाने एक संध्याकाळ द्यायला काय हरकत आहे?

मत देता येत नाही, मग आपण तिथे जाऊन काय करणार, असं बरेच जण म्हणतात. न्यू जर्सीच्या कायद्याने नगरपालिकेच्या सभेत लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो, आणि बोलायला नागरिकत्व लागत नाही. तुम्ही तिथे राहता, टॅक्स भरता, गॅसवर १८.४ सेंट देता. नाव आणि पत्ता सांगायचा, दोन-तीन मिनिटं बोलायचं. इंग्रजीचा उच्चार पुणेरी असला तरी इतिवृत्तात तो दिसत नाही. तुमचं म्हणणं मात्र तिथे लिहिलं जातं, आणि त्याच इतिवृत्ताची प्रत पुढे अर्जाला जोडता येते.

गावाच्या वर आणखी एक पायरी आहे, जिचं नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. पन्नास हजारांपेक्षा जास्त वस्तीच्या नागरी भागात प्रादेशिक नियोजन संस्था असावी लागते, आणि नियमित फेडरल पैशातून व्हायचं काम तिच्या यादीत असल्याशिवाय पुढे सरकत नाही. एडिसन, वूडब्रिज, प्लेन्सबरो ही मिडलसेक्स काउंटीतली गावं 'नॉर्थ जर्सी ट्रान्सपोर्टेशन प्लॅनिंग अथॉरिटी'खाली येतात. तिच्यात १३ काउंट्या आहेत. रूट वनने थोडं खाली वेस्ट विंडसरला गेलात की मर्सर काउंटी लागते, तिचा कारभार फिलाडेल्फियाच्या संस्थेकडे. एकाच मंडळाचे सभासद, एकाच गणपतीला येणारे, पण रस्त्यांच्या याद्या दोन वेगळ्या शहरांत ठरतात. या संस्थांच्या सभा खुल्या असतात, यादीचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी ठेवला जातो, आणि त्यात एका नागरी गटाच्या नेमक्या पत्राला जे वजन येतं ते हजार सह्यांना येत नाही.

काँग्रेस सदस्याकडे जायचंच नाही का? जायचं, पण योग्य कामासाठी. २०११ पासून बंद असलेली सदस्यांची स्थानिक कामांची शिफारस २०२२ च्या अर्थसंकल्पापासून पुन्हा सुरू झाली. आपल्या खासदार निधीचा हा लांबचा भाऊ म्हणा, फरक एवढाच की इथे प्रत्येकाला ठरावीक कोटा मिळत नाही, शिफारस समितीपुढे टिकावी लागते. त्यासाठीही काम टाउनशिपने किंवा काउंटीने पुढे करावं लागतं आणि लोकांच्या पाठिंब्याचा पुरावा जोडावा लागतो. आधी काउंटी, मग काँग्रेस. आपण नेमकं उलटं केलं.

आता ज्यावरून मला शिव्या बसतील ते लिहितो. सिग्नलच्या निवेदनावर सही करणाऱ्यांतल्याच काही दुकानदारांनी आणि देवळाच्या काही विश्वस्तांनी, कोपऱ्यावरचं पार्किंग काढायची सूचना मध्यंतरी हाणून पाडली. कोपऱ्याला लागून उभ्या केलेल्या एसयूव्हीमागून लहान मूल दिसत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. न्यू जर्सीच्या कायद्यात चौकातल्या क्रॉसवॉकपासून २५ फुटांच्या आत गाडी लावायला आधीपासूनच बंदी आहे. आपण ती पाळत नाही एवढंच. मॅनहॅटनच्या समोरच्या होबोकनने नेमकं हेच मनावर घेतलं. कोपरे मोकळे केले, तिथे खांब, रंगाचे पट्टे, कुंड्या, सायकली लावायच्या जागा केल्या. २०१७ च्या जानेवारीनंतर सात वर्षांहून अधिक काळ त्या शहरात रस्त्यावर एकही बळी गेला नाही. होबोकन दाटीवाटीचं, सावकाश वेगाचं शहर आहे आणि आपलं उपनगर तसं नाही, हे मान्य. पण खांब आणि रंग यांना काही वॉशिंग्टन लागत नाही.

देवळासमोर मला स्वतःला काय हवंय ते सांगतो. मधोमध थांबायला एक बेट, म्हणजे आजींना एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघाव्या लागतील. बटण दाबल्यावर भराभर लुकलुकणारे पिवळे दिवे. फेडरल खात्याच्या आकड्यांप्रमाणे त्यांनी पादचाऱ्यांचे अपघात ४७ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. आणि जमलं तर चार पदरांचे तीन करायचे, दोन्हीकडे एकेक आणि मध्ये डावीकडे वळणाऱ्यांसाठी एक. अशा बदलाने एकूण अपघात १९ ते ४७ टक्के घटल्याची नोंद आहे. यातलं काहीच सिग्नलइतकं दिमाखदार नाही, फीत कापायला फारसं कुणी येणार नाही, पण ग्रँटच्या परीक्षकांना हीच भाषा कळते. तीन पदर झाल्यावर संध्याकाळी घरी पोचायला एखादं मिनिट जास्त लागेल. त्या वेळी विरोधाच्या सह्या गोळा करू नका, एवढीच विनंती.

तर मंडळाच्या कार्यकारिणीला माझं मागणं असं. येत्या नवरात्रात आणि त्यानंतरच्या काही रविवारी स्वयंसेवकांनी देवळासमोर उभं राहून दर पंधरा मिनिटांत किती माणसं रस्ता ओलांडतात ते मोजावं; त्यातली ज्येष्ठ किती, बाबागाडी ढकलणारी किती, याची वेगळी खूण करावी. तक्ता मी करून देईन. शाळेतली नववी-दहावीची मुलं हे काम आपल्यापेक्षा चोख करतील, त्यांना सेवेचे तासही मिळतील. मोजणी झाली की निवेदन नव्याने लिहू. सिग्नल हा शब्द त्यातून काढून 'सुरक्षित ओलांडणी' एवढंच ठेवू, उपाय इंजिनिअरला ठरवू दे. ते काउंटी इंजिनिअर, टाउनशिप काउन्सिल आणि नियोजन संस्था यांना पाठवू, आणि प्रत काँग्रेस सदस्याला. विश्वस्तांनी त्याला एक ओळ जोडावी, की कोपऱ्यावरच्या गाड्या हलवायला आमची तयारी आहे. ही ओळ आली नाही तर बाकीच्या कागदांवर मी वेळ घालवणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मोजणीला कोण येणार त्यांची नावं कार्यवाहांकडे द्या. हिवाळ्यात अंदाजपत्रकाच्या बैठकीची तारीख लागली की मी कळवतोच. किमान पंधरा जण तरी चला.

आपला,
मिडलसेक्स काउंटीतला एक मराठी इंजिनिअर